विषबाधेची जबाबदारी खेड्यातल्या दुकानापाशीच थांबू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने रस्त्याकडेला झाडांना दोरी बांधून त्यांना सलाइन लावावे लागले. उपवासाच्या दिवसांत भगरीमुळे होणाऱ्या विषबाधेच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला, बुरशी लवकर धरते आणि तिची विषद्रव्ये शिजवल्यानेही पूर्ण नष्ट होतीलच असे नाही. अशा वेळी ‘सुटे पीठ घेऊ नका’ असा सल्ला ग्राहकाला मिळतो. सल्ला योग्यच आहे, पण माल बनवणाऱ्याने व पुरवणाऱ्याने काय भरून द्यायचे, हे कोणी फारसे विचारत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 65 नुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेसाठी 3 लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी 1 लाखापर्यंत भरपाई देता येते, आणि ती घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यायची असते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने उत्पादकावर सदोष मालाचे दायित्व टाकले असून आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करण्याची सोयही दिली आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून आलेले पोते गावातील किराणा दुकानात फोडले जाते, माल किलो-अर्धा किलोने सुटा विकला जातो आणि उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक असलेले पोते दुसऱ्याच कामाला लागते. ग्राहकाला बिल मिळत नाही, आणि अनेकदा दुकानदारालाही मिळालेले नसते. वास्तविक अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 26 प्रमाणे पुरवठादाराने विक्रेत्याला मालाची लेखी हमी द्यायची असते आणि बिल हीच ती हमी मानली जाते. उलट, माल कोणाकडून आला हे सांगता आले नाही तर कलम 27 नुसार विक्रेताच जबाबदार ठरतो, म्हणजे साखळीतला सर्वांत दुबळा माणूस सापडतो आणि ज्याच्या गोदामात माल नासला तो नामानिराळा राहतो. त्या दुकानदाराच्या ऐपतीवर आजारी कुटुंबाची भरपाई अवलंबून ठेवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने तपासणीची सुरुवात खेड्यातील दुकानापासून न करता ठोक व्यापाऱ्याच्या बिलबुकापासून करावी, आणि सुटा माल संपेपर्यंत मूळ पोत्यावरील लेबल दुकानात जपून ठेवणे सक्तीचे करावे. विषबाधेचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात आला की त्याने काय खाल्ले व ते कोठून आणले, याची नोंद केसपेपरवर व्हावी आणि उरलेल्या अन्नाचा नमुना त्याच दिवशी सीलबंद व्हावा. घाबरून उरलेले अन्न उकिरड्यावर फेकले जाते आणि दावाही तिथेच संपतो. अन्नातून झालेल्या विषबाधेची माहिती डॉक्टरांनी कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम 35 ने अन्न प्राधिकरणाला दिलेला आहे. निदान सामुदायिक प्रसाद आणि पंगतींच्या बाबतीत तरी तो आपल्या जिल्ह्यांत काटेकोरपणे वापरला जावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत शासनाला करीत आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा