पीएच.डी.चा विषय आधी, संस्था नंतर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पीएच.डी.साठी राहुरीच्या कृषी विद्यापीठातच पुढे राहावे, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत किंवा कर्नालच्या क्षारपड जमिनींवरील संशोधन संस्थेत जावे, की नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन विद्यापीठाला अर्ज करावा, याची तू बारकाईने तुलना केली आहेस. परंतु ज्याच्या मागे पुढची तीन-चार वर्षे घालवायची, तो विषय मात्र ‘मातीतील सेंद्रिय कर्ब’, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून व शेणखतातून मातीत राहणारा कार्बन, एवढ्यावरच उरकला आहेस. विचार तेथूनच सुरू व्हायला हवा, कारण विषय पक्का झाला की निम्मी यादी आपोआप गळून पडेल.

कर्बाला सध्या मागणी आहे आणि कार्बन क्रेडिटमुळे, म्हणजे मातीत साठवलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांमुळे, पैसाही आहे. तथापि जमिनीतील कर्ब इतक्या सावकाश बदलतो, की दोन-तीन हंगामांत दिसलेली वाढ ही खरी वाढ की नमुने घेण्यातला फरक, हे ठरवणे अवघड जाते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे 1843 पासून एकाच शेतात चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगाचे मोल त्यामुळेच मोठे आहे. आपल्याकडेही दीर्घकालीन खत प्रयोगांची अखिल भारतीय योजना 1970 पासून चालू असून अकोला व परभणी येथे तिची केंद्रे आहेत. कर्बावरच काम करायचे असेल, तर असे जुने प्रयोग जेथे चालू आहेत तेथे जा. मग वसतिगृह कसेही असो.

मला मात्र वेगळा विषय सुचतो. माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माणसाचा हा पक्षपात आहे, असे तू म्हणालीस तरी चालेल. आपल्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अतिरिक्त पाण्याने भूजल वर आले, क्षार पृष्ठभागावर साचले आणि चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. अशा जमिनीत कर्ब मोजणेच मुळात जिकिरीचे. कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत मातीवर डायक्रोमेट हे रसायन आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात; कर्ब जितका जास्त तितके डायक्रोमेट खर्च होते, म्हणून उरलेल्या डायक्रोमेटचे अनुमापन करतात, म्हणजे दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घालून ते मोजतात, आणि गडद निळसर रंग अखेरच्या थेंबासरशी हिरवा होतो, हे तू शेकडो वेळा केले असशील. पण खारवट मातीतील क्लोराइडही डायक्रोमेट खर्च करते, त्यामुळे क्लोराइडला अडवणारे सिल्व्हर सल्फेट वापरले नाही तर कर्ब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. अहवालात कर्ब उत्तम आणि शेतात उसाची उगवण विरळ, असे नमुने मी पाहिले आहेत.

त्याहून मोठा प्रश्न निचऱ्याचा आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षार धुऊन काढता येतात, आणि शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते करूनही दाखवले आहे. मात्र पाइपांतून बाहेर पडणारे क्षार आणि नायट्रेट ओढ्यावाटे नदीला मिळतात. तेव्हा वरच्या गावाची जमीन सुधारताना खालच्या गावाच्या पाण्यात किती भर पडते, कोणत्या महिन्यात पडते आणि ती कमी कशी करता येईल, याचा हिशेब मांडल्याखेरीज या शेतीला शाश्वत म्हणणे मला धाडसाचे वाटते. पीएच.डी.ला हा विषय पुरून उरेल.

त्यासाठी कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था मला सर्वांत जवळची वाटते. 1969 पासून तिचे कामच हे आहे. प्रबंधाचे काम तेथे आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची, अशी व्यवस्था असल्यास नोंदणी कोठे करायची ते आधीच लेखी विचारून घे. वॅगेनिंगेनला माझा विरोध नाही. डच विद्यापीठांत अनेक संशोधक विद्यार्थी पगारी नोकर असतात, ही मोठीच सोय आहे. पण जाहिरात निघते तेव्हा विषय बहुधा प्रकल्पाने ठरवून टाकलेला असतो. त्यांच्याकडे ‘सँडविच’ पद्धतही आहे: सुरुवात आणि शेवट तेथे, मधले क्षेत्रीय काम आपल्या देशात. जायचेच असेल तर त्या वाटेने जा.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठीची एसआरएफ परीक्षा मात्र काहीही ठरले तरी दे, कारण शिष्यवृत्तीशिवाय नोंदणी करण्याच्या मी पूर्ण विरुद्ध आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचार. आणि अर्ज करण्यापूर्वी संशोधनाचा प्रश्न एका पानात लिहून मला पाठव. मी लाल शाईने परत करीन.

तुझ्या आईचे मत वेगळे आहे, ते ती फोनवर सांगेलच.

तुझे,
बाबा