‘समस्या’ हा शब्द लागला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे गेल्याचे आपले एप्रिल २०२१ मधले वृत्त वाचले आणि दिवसभर मन थाऱ्यावर नव्हते. पुरस्कारांची यादी, ‘कासव’चे सुवर्णकमळ आणि ‘सामाजिक समस्यांवर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शिका’ एवढ्यावर आपण त्यांची बोळवण केलीत. ‘दोघी’पासून बरोबरीने दिग्दर्शन करणारे सुनील सुकथनकर यांचे नाव अगदी शेवटच्या ओळीत, तेही ‘सहकारी’ म्हणून.

‘समस्या’ हा शब्द मला फार लागला. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. दादा नाशिकला नोकरीला असतो, असे आम्ही वाड्यात सगळ्यांना सांगायचो. तो मात्र आतल्या खोलीत असायचा, खिडकी लावून. २००४ साली पुण्याला मामेबहिणीकडे गेलो होतो, तिने आम्हाला भावे-सुकथनकरांचा ‘देवराई’ दाखवला. स्किझोफ्रेनिया असलेल्या शेषच्या भूमिकेत अतुल कुलकर्णी पडद्यावर आले आणि आईने माझे मनगट धरले, ते सिनेमा संपेपर्यंत सोडले नाही. त्याला घरी आणणाऱ्या बहिणीची, सीनाची, ओढाताण बघताना ती एकदाच पुटपुटली, “हिला कसं कळलं गं आपल्या घरातलं?” हिला म्हणजे भावे बाईंना.

साताऱ्याला परतलो तर समोरच्या काकू जिन्यातच भेटल्या. दादाची चौकशी केली. आई म्हणाली, “घरीच आहे. आजारी असतो. या ना, चहा घेऊन जा.” काकू आल्या. थोड्या वेळाने दादा बाहेर आला, मे महिन्यात अंगात स्वेटर, आणि त्याने आईच्या हातातला कप घेऊन काकूंपुढे ठेवला. चहा थोडा बशीत सांडला. काकूंनी तो बशीतूनच प्यायला. आमच्या घरी हे आठ वर्षांत पहिल्यांदा घडत होते.

पुढे ‘अस्तु’ पाहताना कळले, बाई आजाराइतकेच आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांकडे बघतात. स्मृतिभ्रंश झालेल्या, हत्तीमागे निघून गेलेल्या शास्त्रीबुवांना जेवू घालणारी अमृता सुभाष यांची चन्नम्मा आठवा. त्यांना नाव-गाव आठवत नाही, म्हणून तिचे काही अडत नाही. यावर आपल्या वृत्तात एक ओळ नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते. २०१७ मध्ये ‘कासव’ लागला तेव्हा इथे दुपारी तीनचा एकच खेळ होता. मी आणि आई रिक्षाने गेलो, तर खिडकीवर उत्तर मिळाले, “दहा माणसं नाहीत, शो रद्द.” आईचे वय तेव्हा ७८. त्या आठवड्यातली आपली मनोरंजन पुरवणी मी पुन्हा उघडून पाहिली होती, ‘कासव’चा उल्लेखही नव्हता. सुवर्णकमळ मिळालेला चित्रपट गावात आलाय हे वाचकाला कळायचे कुठून?

त्यांचा एखादा चित्रपट इथे पुन्हा लागेलच. तो लागेल तेव्हा कुठे आणि किती वाजता बघायला मिळेल, एवढे कृपया आदल्या दिवशी छापावे. आईला मी घेऊन बसणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा