कोरड्या नदीसाठी वेगळे मानक हवे : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : मराठवाड्यातील हंगामी नद्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची मानके नदीनिहाय ठरवण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते. शहरी सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि प्रक्रियेनंतर त्या पाण्याचा नदीवर होणारा परिणाम हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. आपल्याकडे प्रक्रिया केंद्राचे यश पाइपच्या तोंडाशी मोजले जाते. ज्या पात्रात ते पाणी पडते, त्यात त्या वेळी नदीचे स्वतःचे पाणी आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. बारमाही नदीकाठी हा प्रश्न कदाचित मागे पडत असेल. मराठवाड्यात तो टाळता येत नाही, कारण आमच्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटू लागतात आणि शहराखालच्या पात्रात माघ-फाल्गुनापासून जे वाहते, ते बहुतांशी त्या शहराचे सांडपाणीच असते.

पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, याचे माप म्हणजे बीओडी. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात असे सुचवले होते की, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत आणि तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. मात्र त्यामागे नदीत किमान आठ पट स्वच्छ पाणी उपलब्ध आहे, हे गृहीत धरलेले होते. पुढे हे आकडे अनेक देशांच्या नियमांत आधारभूत ठरले, पण आठ पट पाण्याची बाब त्यांच्याबरोबर सगळीकडे गेली नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी २० आणि इतर भागांसाठी ३० मिलिग्रॅम ही बीओडीची मर्यादा आली, तर राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणण्यास सांगितले. यांपैकी कोणताही आकडा नदीत किती पाणी आहे, यावर बदलत नाही.

स्नानयोग्य नदीच्या पाण्याचा बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, हा आपल्याच देशाचा निकष आहे. नदीच्या मूळ पाण्याचा बीओडी १ मिलिग्रॅम इतका उत्तम आहे असे धरले, तरी १० मिलिग्रॅमचे सांडपाणी त्या निकषात बसवण्यासाठी साडेतीन पट आणि ३० मिलिग्रॅमचे बसवण्यासाठी साडेतेरा पट नदीचे पाणी लागते. हा हिशेब बेरीज-भागाकार येणारा कोणताही विद्यार्थी करू शकेल. चैत्रात बिंदुसरेच्या, कुंडलिकेच्या किंवा खामच्या पात्रात हे साडेतीन पट पाणी कोठून आणायचे? केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, प्रत्येक नमुना नियमात बसला, तरीही नदी स्नानालासुद्धा योग्य होणार नाही, अशी व्यवस्था आपण इथे उभी केली आहे. यात केंद्र चालवणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना दिलेले लक्ष्यच या नद्यांच्या मापाचे नाही.

त्यात आमच्या उन्हाळ्याची भर पडते. २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच काळात जिवाणूंची ऑक्सिजनची भूक वाढलेली असते. म्हणजे नदीची पचवण्याची ताकद जेव्हा सर्वांत कमी असते, तेव्हाच तिच्यावर सगळा भार पडतो.

खाम नदीचे उदाहरण आपल्याला परिचित असेल. ती छत्रपती संभाजीनगर शहरातून वाहते आणि पुढे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याला मिळते. त्याच जायकवाडी धरणातून शहर पिण्याचे पाणी घेते. या प्रवाहात सांडपाण्यातील मलमूत्रापासून तयार होणारा अमोनिया राहिला, तर त्याची किंमत जलशुद्धीकरण केंद्राला मोजावी लागते. पाण्यातील अमोनिया क्लोरीनला गुंतवून ठेवतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवून पुढे मोकळा क्लोरीन शिल्लक राहावा यासाठी प्रत्यक्षात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. मात्रा कमी पडली तर निर्जंतुकीकरण अपुरे राहते, आणि ती वाढवावी तर सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन नको असलेली संयुगे तयार होतात. धरणाच्या मोठ्या साठ्यामुळे आज हा परिणाम सौम्य होतो हे मान्य आहे. परंतु दुष्काळी वर्षात साठा मृतपातळीखाली जातो तेव्हा तोच आधार उरत नाही, आणि मराठवाड्यात योजना आखताना दुष्काळी वर्ष हे अपवाद मानून चालत नाही.

महोदय, यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम १७(१) मधील खंड (के) राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळावर हेच काम सोपवतो. एखाद्या विशिष्ट प्रवाहात सांडपाणी सोडायचे असेल, तर कोरड्या हंगामात त्या प्रवाहात मिसळण्यासाठी किमान किती पाणी उपलब्ध असते आणि सांडपाणी मिसळल्यानंतर तो प्रवाह किती प्रदूषण सहन करू शकतो, हे लक्षात घेऊन प्रक्रियेची मानके ठरवावीत, असे तो खंड सांगतो. हा खंड वाचताना मला नेहमी वाटते की, तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखाच एखादा प्रदेश असावा. पन्नासहून अधिक वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात आहे. मराठवाड्यातील नद्यांच्या बाबतीत तो वापरावा, ही माझी मुख्य मागणी आहे.

दुसरी बाब नमुन्यांची. शहराचे सांडपाणी दिवसभर सारखे नसते. सकाळच्या वापराचा लोंढा काही तासांनी केंद्रावर पोहोचतो, रात्री प्रवाह घटतो आणि वीज गेली की हवा पुरवणारे ब्लोअर थांबतात. एका केंद्राबाहेर माझ्या विद्यार्थ्यांनी तासातासाने नमुने घेतले, तेव्हा कार्यालयीन वेळेतील नमुना आणि इतर वेळचे नमुने यांच्यातील अमोनियात इतका फरक दिसला की, एका नमुन्यावरून त्या केंद्राविषयी कोणतेही मत देणे मला अयोग्य वाटते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात. केंद्र वारंवार बंद पडत राहिले तर त्यांची संख्या सावरायला आठवडे लागतात. शिवाय आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे निकाल हाती येईपर्यंत ते पाणी खूप पुढे गेलेले असते. म्हणून २४ तासांचा मिश्र नमुना, अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची सतत नोंद, आणि केंद्राच्या खाली नदीतच घेतलेले मोजमाप, या तिन्ही गोष्टी बंधनकारक कराव्यात. या नोंदी संक्षिप्त अहवालाऐवजी मूळ आकड्यांच्या स्वरूपात सर्वांना खुल्या ठेवाव्यात, म्हणजे विद्यापीठे आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती त्या स्वतः तपासू शकतील.

जिथे मलवाहिनीच नाही, अशा वस्त्यांचा प्रश्न याला जोडूनच आहे. काळ्या चिकण मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही, आणि माती पातळ असेल तिथे खालच्या बेसाल्टच्या भेगांतून सेप्टिक टँकचे पाणी विहीर-बोअरपर्यंत फारसे न गाळता पोहोचते. त्याबरोबर विहिरीत उतरणारे नायट्रेट पाणी उकळून जात नाही. ज्या गावांत त्याचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर आहे, त्या गावांचा विचार नदीच्या आराखड्यातच व्हावा.

यावर खर्चाचा आक्षेप येईल आणि तो गैरवाजवी नाही. मात्र कोरड्या पात्रात पाणी सोडणे हाच एकमेव मार्ग नाही. शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, असे अभियंते गृहीत धरतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. याच राज्यात नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा येथील उद्योगांसाठी असा करार का होऊ शकत नाही? पण हे करताना एका गोष्टीचे भान ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आज शहरांखालच्या नाल्यांवर मोटारी बसवून अनेक लहान शेतकरी भाजीपाला आणि चारा पिकवतात. त्यांचे पाणी एका आदेशाने उद्योगांकडे वळवले, तर नदी वाचेल आणि माणूस बुडेल. त्यांचा वाटा लेखी स्वरूपात राखून ठेवावा आणि त्यांना मिळणारे पाणी सुरक्षित असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे जंतांचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे असे म्हटले आहे. आपल्या २०१७ च्या मानकांत जंतांच्या अंड्यांचा उल्लेखच नाही. पालेभाजी तोडणाऱ्या बाईच्या हातांचा आणि ती कच्ची खाणाऱ्या मुलांचा हा प्रश्न आहे.

संपूर्ण मराठवाड्यासाठी हे एकाच वेळी करणे शक्य नाही, याची मला जाणीव आहे. सुरुवात खामच्या शहराखालच्या पट्ट्यापासून करावी. येत्या डिसेंबर ते जून या काळात पात्रातील प्रवाह, अमोनिया, बीओडी आणि ऑक्सिजन यांची अखंड मोजणी मंडळाने स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांना सोबत घेऊन करावी आणि त्या आधारे कलम १७ खालील प्रवाहनिहाय मानकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. मोजणीच्या कामात माझे विद्यार्थी आणि मी कोणतेही मानधन न घेता सहभागी होण्यास तयार आहोत.

आपली विश्वासू,
पर्यावरण अभियांत्रिकीची एक अध्यापक व संशोधक, मराठवाडा