स्मिता पाटील केवळ हिंदीच्या नव्हेत

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील स्मिता पाटील यांच्यावरील लेखात त्यांना ‘हिंदी समांतर सिनेमाची नायिका’ म्हटले आहे. हे वर्णन अपुरे आहे. १९७७ मध्ये एकीकडे हिंदी ‘भूमिका’, तर दुसरीकडे जब्बार पटेलांचा मराठी ‘जैत रे जैत’. १९८० मध्ये केतन मेहतांचा गुजराती ‘भवनी भवाई’ आणि मृणाल सेन यांचा बंगाली ‘अकालेर संधाने’. १९८५ मध्ये अरविंदन यांचा मल्याळी ‘चिदंबरम्’. ‘अकालेर संधाने’त तर त्या १९४३च्या दुष्काळावर चित्रपट करायला खेड्यात आलेल्या चमूतील ‘स्मिता’ नावाचीच अभिनेत्री आहेत. जेमतेम एका तपाच्या कारकिर्दीत (निधन १३ डिसेंबर १९८६, वय ३१) इतकी भाषिक ये-जा क्वचितच दिसते. ‘उंबरठा’ तेवढा सर्वांना आठवतो.

दादासाहेब फाळक्यांच्या या नाशिक जिल्ह्यात त्यांचे चित्रपट दाखवायचे, तर मूळ भाषेत, उपशीर्षकांसह दाखवावेत. जुन्या चित्रपटांची अरुंद चौकट ताणून रुंद पडदा भरला की चेहरे फुगतात. वरखाली कापली की कपाळ नि हनुवटी जाते. ज्यांचा अभिनय नजरेत होता, त्यांच्याबाबत हे अक्षम्यच. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. त्यांच्या हिंदी ‘मंथन’ची ४-के (अतिशय सुस्पष्ट) पुनर्संचयित प्रत तयार आहेच, २०२४ मध्ये ती कान महोत्सवातही दाखवली गेली. सुरुवात तिच्यापासून करता येईल.

– एक वाचक, नाशिक रोड