पाचरींच्या खाचा राहू द्या

महोदय,

म्हसरूळला आमच्या घरामागे पुरुषभर उंचीचा उघडा कातळ आहे. त्याच्या वरच्या कडेला एका ओळीत अकरा खाचा आहेत. दोन बोटं रुंद, चार बोटं खोल. गल्लीतली पोरं म्हणतात, भीमानं बोटं रोवली. कातळात काही दिसलं की आपल्याकडे पांडव ठरलेलेच. सातवाहनांच्या काळातल्या लेण्यांनाही आपण पांडवलेणीच म्हणतो!

माझे वडील पाथरवट. उतारवयात ते पंचवटीत 'टाकीऽऽ' अशी हाळी देत पाट्या-जात्यांना टाकी लावत, म्हणजे छिन्नीनं ती पुन्हा खरबरीत करत फिरायचे. या खाचा पाचरींच्या आहेत, हे त्यांनीच मला दाखवलं. आधी दगडाची शीर ओळखायची, तिच्यावर छिन्नीनं खाचा पाडायच्या, प्रत्येकीत लोखंडी पाचर बसवायची आणि ओळीनं एकेकीवर घण घालायचा. घाई केली तर दगड वाकडा फुटतो. खणखण वाजणारा दगड बद्द वाजला की समजायचं, आत चीर गेली. आमच्या कातळावरच्या सात खाचा अर्ध्याच आहेत, कारण उरलेला अर्धा भाग फुटलेल्या दगडाबरोबर गेला. चार मात्र पुऱ्या आहेत. तिथे दगड बधला नाही, कारागिरानं नाद सोडला. मला त्या चारच जास्त आवडतात.

काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, हे नाशिककरांना ठाऊक आहे. आमचा कातळ एवढा मानाचा नव्हे. तो वाड्यांच्या जोत्यांत आणि उंबऱ्यांत गेला, असं वडील सांगत. मंदिर बांधणाऱ्या सरदार ओढेकरांचं नाव राहिलं. दगड फोडणाऱ्या एकाचंही नाही. त्यातल्या किती जणांना पुढे गाभाऱ्यापर्यंत जाता आलं असेल, हा प्रश्न 1930 च्या काळाराम मंदिरप्रवेश सत्याग्रहाची आठवण निघाली की मला पडतोच.

आता सिंहस्थाच्या निमित्तानं आमच्या भागात रस्ता रुंद होतोय. गेल्या आठवड्यात कातळावर चुन्याची रेघ ओढली गेली. विचारलं तर मुकादम म्हणाला, "काका, दगडच तर आहे." पलीकडच्या कडेला सुरुंगाची भोकं पाडून फोडायला सुरुवातही झाली. सुरुंगासाठी यंत्रानं पाडलेल्या भोकाची अर्धी गोल नळी मागे राहते आणि हाताच्या खाचेला चौकोनी कोपरे असतात. पुढे कुणाला हा फरक दाखवायचा तर दोन्ही शेजारी हवीत, आणि आमच्याकडे ती सध्या आहेत.

रस्ता नको, असं माझं म्हणणं नाही. वळणावर वीसेक फूट कातळ सोडता आला तर सोडावा. अगदीच जमत नसेल, तर फोडण्याआधी मोजमाप आणि छायाचित्रं घ्यावीत आणि खाचांची ओळ असलेला तुकडा सरकारवाड्यातल्या संग्रहालयात नेऊन ठेवावा. तो नीट कापून काढायला माणूस लागला तर वडिलांची छिन्नी आणि घण अजून माझ्याकडे आहेत. हात मात्र दुसऱ्या कुणाचे लागतील, माझं वय एकाहत्तर.

आपला,
एक वाचक, म्हसरूळ, नाशिक