खनिज निधीतून आमच्या पोरांना सोलरचं काम शिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

कोळसा जाणार सोलर येणार अशा बातम्या रोज वाचतो, आनंदच आहे, पण चंद्रपुरात राहणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की मग आमच्या पोरांनी काय करायचं, म्हणून लिहितोय.

मी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघरची ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल जवळपास संपलंच. दर रविवारी ऊन चढायच्या आत वायपर घेऊन वर जातो, पहिल्या बादलीचं पाणी पॅनलवरून शाईसारखं काळं उतरतं, सगळी कोळशाची न राखेची धूळ. तेच आमच्या छातीत पण जातंय ना.

तर या उन्हाळ्यात एक कनेक्टर जळाला. इथे माणूसच नाही, नागपूरहून दीडशे किलोमीटरवरून पोरगा यायला नऊ दिवस लागले, आणि काम किती तर वीस मिनिटांचं. माझ्या गल्लीत आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेली चार पोरं आहेत! त्यातला एक पॉवर स्टेशनात कोल हँडलिंगला कंत्राटी आहे, ड्युटीवरून येतो तेव्हा चेहऱ्यात फक्त डोळे पांढरे दिसतात. त्या दिवशी तो माझ्या गच्चीवर उभा राहून सगळं बघत होता, मला म्हणाला काका हे तर मला पण जमलं असतं.

आमच्या पॉवर स्टेशनचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच आधीच बंद झालेत, आज २९२० मेगावॅट आहे, उद्या बाकीचे जुने पण जातीलच. परमनंट माणसाची बदली होईल नाहीतर पेन्शन तरी मिळेल, पण कंत्राटी कामगार, टिप्परवाले, त्यांची गॅरेजं, खाणीच्या गेटवरची चहाची टपरी यांना कोण विचारणार? त्यांना आजच हाताला दुसरं काम दिलं नाही तर हीच माणसं उद्या सोलरच्या विरोधात उभी राहतील आणि मला त्यांची चूक वाटणार नाही.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या खाणींना सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या ३० टक्के एवढी रक्कम त्यात वेगळी भरावी लागते, आणि ती खाणबाधित लोकांसाठीच आहे. नियमात कौशल्य विकास पण बसतं आणि ऊर्जा पण बसते. मग दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, माजरीकडच्या आयटीआयमध्ये सोलरची बॅच का नको, फक्त पॅनल चढवायचं नाही तर इन्व्हर्टर, अर्थिंग, दुरुस्ती सगळं शिकवा, आणि शिकताना स्टायपेंड द्या कारण रोजंदारी बुडवून कोणी वर्गात बसू शकत नाही. गावातल्या शाळा, ग्रामपंचायती, पाण्याच्या टाक्यांचे पंप, सगळ्यांवर सोलर याच पोरांच्या हातून बसवून घ्या. ज्यांची घरं कवेलूची किंवा टिनाची आहेत त्यांना छतावर सोलर बसवणं अवघड जातं, त्यांच्यासाठी बंद खाणीच्या जागेवर सामाईक प्लांट करून बिलात सूट द्या, ब्लास्टिंगने भिंतींना तडे त्यांच्याच गेलेत.

तुमच्या पेपरला एकच विनंती, आमच्या जिल्ह्यात या निधीतले किती रुपये आतापर्यंत अशा ट्रेनिंगवर खर्च झाले तो आकडा मागा आणि पहिल्या पानावर छापा.

– एक वाचक, चंद्रपूर