थकलेल्या पगाराचा हिशेब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९ जूनच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील गुलामीच्या अंतावर आलेला लेख वाचला. केंद्राच्या सैन्यातील जनरल ग्रेंजर यांनी १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला काढलेल्या हुकमाचे पहिले वाक्य त्यात ठळक छापले आहे: सर्व गुलाम मुक्त आहेत. पण त्या हुकमाचा शेवटही वाचकांपुढे यायला हवा होता. मुक्त झालेल्यांनी आहेत तिथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांवर जमू नये, रिकामे बसणाऱ्यांना पोसले जाणार नाही, असे त्यात बजावले आहे. आजवर ज्यांना एक दिवसाची मजुरी मिळाली नव्हती, त्यांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच कागदात आळसाबद्दल ताकीद!

माझी सारी नोकरी पगारपत्रके तयार करण्यात गेली. त्यामुळे असेल, पण गुलामी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्ये आणि केंद्र सरकार यांच्यात झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल वाचताना पैसे कोणाच्या हातात पडले याकडे माझे लक्ष आधी जाते. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनपुरती गुलामी रद्द झाली. त्या कायद्याने केंद्राशी निष्ठावंत असलेल्या मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. सुटलेल्या माणसाला काय? देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असेल तर १०० डॉलरपर्यंत. राहिला तर काही नाही. म्हणजे गुलामी चूक आहे हे मान्य करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, लेखीही नुकसान झाले होते ते मालकाचे.

सैन्यातही तेच. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्या शिपायाला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हाती ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा पगार घ्यायलाच नकार दिला. राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार होते, तेही त्यांनी घेतले नाही. कमी लेखून दिलेला पगार नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर किल्ल्याच्या तटावर ही माणसे चालून गेली तेव्हा त्यांना पगाराची एक पैही मिळालेली नव्हती. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

आपल्या लेखात मुक्त झालेले लोक फक्त कृतज्ञ दिसतात. गुडघे टेकलेले, लिंकनना दुवा देणारे. त्यांनी काय मागितले, हे कुठेच नाही. ते त्यांनी स्पष्ट सांगितलेले आहे. १२ जानेवारी १८६५ ला जॉर्जिया राज्यातल्या सव्हानामध्ये केंद्राच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० काळ्या धर्मोपदेशकांना आणि चर्चच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझर बोलले. या गृहस्थांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःची आणि पत्नीची किंमत म्हणून सोन्या-चांदीत १,००० डॉलर मोजून सुटका करून घेतली होती. गुलामी म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की दुसऱ्याचे श्रम त्याच्या संमतीशिवाय, बळाने घेणे म्हणजे गुलामी. आणि स्वतःच्या पायावर उभे राहायला काय हवे? जमीन. चारच दिवसांनी शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. लोकांनी ती कसायलाही घेतली. त्याच वर्षी लिंकन यांच्यानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्यातली बहुतेक पुन्हा जुन्या मालकांच्या घशात घातली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्याकडे येते. ऑगस्ट १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रात जॉर्डन अँडरसन या माणसाचे पत्र छापून आले. टेनेसीतल्या त्याच्या जुन्या मालकाने, कर्नल अँडरसनने, त्याला परत कामावर बोलावले होते. जॉर्डन तेव्हा ओहायोत डेटनला महिना २५ डॉलरवर काम करत होता, मुले शाळेत जात होती. त्याने उत्तर सांगून लिहवून घेतले. तुमच्या सचोटीची खात्री पटावी म्हणून आधी आमचा मागचा पगार पाठवा, असे त्यात आहे. त्याने मांडलेला हिशेब असा: मी ३२ वर्षे राबलो, पत्नी मँडी २० वर्षे. माझे महिना २५ डॉलर, तिचे आठवडा २ डॉलर. होतात ११,६८० डॉलर. मी स्वतः आकडेमोड करून पाहिली: ९,६०० अधिक २,०८०, हिशेब चोख आहे. वर तो थकलेल्या काळाचे व्याज मागतो, आणि वजावटही स्वतःच सांगतो: कपड्यांचा खर्च, डॉक्टरच्या तीन भेटी, मँडीचा एक दात काढल्याचे पैसे. इतके प्रामाणिक मागणीपत्रक माझ्या टेबलावर कधी आले नाही. पुढे तो विचारतो की माझ्या मुली तिथे सुरक्षित राहतील का, कारण मालकाच्या मुलांनी आधीच्या मुलींचे काय केले हे तो विसरलेला नाही. काळ्या मुलांसाठी शाळा आहे का, हेही विचारतो.

कर्नलसारख्यांना मजूर बिनपगारी टिकवायचे होते, आणि त्यांच्या मदतीला कायदे आले. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये असा नियम केला की काळ्या मजुराने करार संपण्याआधी सबळ कारणाशिवाय काम सोडले तर त्या वर्षाचा तोवरचा सगळा पगार जप्त. ते सबळ कारण ठरवणार कोण? गोऱ्यांचीच न्यायालये. गुलामी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती डिसेंबरात मंजूर झाली खरी, पण तिच्यातही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला होता. बेकार दिसला म्हणून भटकेपणाच्या आरोपाखाली पकडायचे, दंड करायचा आणि दंड फिटेपर्यंत मालकाकडे राबवायचे, ही वाट दक्षिणेतल्या राज्यांनी तत्काळ वापरली.

जॉर्डन अँडरसनचे पत्र फार मोठे नाही, आपल्या पुरवणीत अर्ध्या पानात बसेल. त्याचा संपूर्ण मराठी अनुवाद आपण छापावा, आणि तो त्या लेखाइतक्याच ठळक जागी छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वेतन लिपिक